घर पायावरून घसरते तेव्हा

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहून आलेले आई-वडील परत आल्यावर एक गोष्ट हमखास सांगतात : 'एवढे महागडे घर, पण सगळे लाकडाचे हो!' भिंतीवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. वरच्या मजल्यावर नातू धावला की खाली दिवाणखान्यात कळते. विटा-सिमेंटच्या घरात आयुष्य काढलेल्या माणसाला असे घर म्हणजे नाटकाचा सेट वाटतो. त्यातून तो भूकंपाचा प्रदेश. फ्रीमाँट, हेवर्ड, ओकलंड, बर्कली या शहरांच्या वस्तीतूनच हेवर्ड प्रस्तरभंग जातो. त्याने शेवटचा मोठा हिसका दिला तो २१ ऑक्टोबर १८६८ रोजी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार २०१४ ते २०४३ या तीस वर्षांत बे एरियात ६.७ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचा किमान एक भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के आहे. तेव्हा 'हे लाकडी खोके टिकणार का?' ही आई-वडिलांची काळजी अनाठायी नाही. पण ते बोट दाखवतात भिंतीकडे, आणि खरी गोम असते भिंतीच्या पायाशी, जिथे लाकूड संपते आणि काँक्रीट सुरू होते.

भिंतीचे म्हणाल तर लाकडी चौकटीचे घर भूकंपात चांगलेच. भूकंपात घराला बाहेरून कोणी ढकलत नाही. जमीन एकदम एका बाजूला सरकते आणि घराचे वस्तुमान जागच्या जागी राहू पाहते. एसटी सुटताना उभा प्रवासी मागे कलंडतो, तसेच. त्यामुळे घर जितके जड तितका त्याच्यावर येणारा जोर मोठा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे गेली, ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा थर अंगावर कोसळून. त्या तुलनेत अमेरिकेतले लाकडी घर हलके. शिवाय त्याच्या चौकटीवर ठोकलेल्या प्लायवूडचे हजारो खिळे हादऱ्यात थोडे थोडे वाकतात आणि भूकंपाची ऊर्जा आपापल्या परीने खातात.

हलके असले तरी त्याला वजन आहेच. ढोबळ हिशेब करून पाहू. समजा एक मजली घर २० टनांचे आहे आणि भूकंपाने गुरुत्वीय त्वरणाच्या तीस टक्के इतका आडवा हिसका दिला. म्हणजे घर आणि पाया यांच्या सांध्यात ६ टनांचा आडवा जोर आला. त्या दिशेने धावणाऱ्या भिंतींखाली मिळून बारा बोल्ट असतील तर एकेकाच्या वाट्याला अर्धा टन. आणि तोही एकदाच नाही. सेकंदाला दोन-तीन वेळा इकडून तिकडे, तिकडून इकडे, असे दहा-वीस सेकंद. बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी दांड्याने आणि दीड इंच जाडीच्या लाकडी पट्टीने हे सोसायचे असते.

जिथे ते सोसवले गेले नाही तिथे काय झाले, याच्या नोंदी कॅलिफोर्नियात भरपूर आहेत. १० मार्च १९३३ च्या लाँग बीच भूकंपात लाकडी घरे जोत्यावरून घसरली. १७ ऑक्टोबर १९८९ ला लोमा प्रिएताच्या ६.९ तीव्रतेच्या भूकंपात सांता क्रूझ, वॉटसनव्हिल, लॉस गॅटोस या गावांतल्या जुन्या घरांची तीच गत झाली. अगदी अलीकडे, २० डिसेंबर २०२२ च्या पहाटे उत्तर कॅलिफोर्नियात फर्नडेलजवळ ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि रिओ डेल या छोट्या गावातली कित्येक घरे पायावरून सरकली. अशा घरांचा वरचा भाग पुष्कळदा बऱ्यापैकी धड असतो. पण घर फूट-दोन फूट बाजूला गेलेले असते, किंवा पाया आणि जमिनीची तक्तपोशी यांच्यामधली बुटकी लाकडी भिंत (तिकडे तिला 'क्रिपल वॉल' म्हणतात) आडवी होऊन अख्खे घर खाली बसलेले असते. दार उघडत नाही, पायऱ्या तुटून वेगळ्या पडतात, पाण्याचा आणि गॅसचा नळ मूळ जागीच राहतो आणि घर पुढे जाते. भूकंपानंतरच्या आगी लागण्याचे हे एक ठरलेले कारण आहे. माणूस वाचला तरी घर राहण्याजोगे उरत नाही. ते जॅकवर उचलून पुन्हा बसवण्याचा खर्च, आधी बोल्ट घालून घेण्याच्या खर्चाच्या कित्येक पट असतो.

जुन्या घरांत बोल्टच का नव्हते? कारण घर स्वतःच्या वजनाने बसते, त्याला कोण उचलून नेणार, असा साधा हिशेब होता. लाकडी पट्टी पायावर ठेवायची, फार तर चार खिळे मारायचे आणि वर घर उभे करायचे. ही समजूत आपल्यालाही परकी नाही. आपल्या वाड्यांचे सागवानी खांब दगडी तळखड्यावर नुसते टेकलेले असतात. वरचा भार त्यांना जागेवर धरतो. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस ४३२६ या भारतीय मानकानेही लहान, एकमजली लाकडी बांधकाम सपाट बैठकीवर सरकायला मोकळे ठेवण्याचा मार्ग मान्य केला आहे. सरकू देणे हा अडाणीपणा नव्हे. थोडे सरकल्याने हिसक्याचा जोर कमी होतो. पण वाड्याच्या खांबातून गॅसची नळी जात नव्हती. आजच्या घराच्या पोटात पाणी, सांडपाणी, वीज आणि गॅस अशी चार आतडी असतात आणि ती सगळी जमिनीला जोडलेली असतात. दोन इंच सरकणेसुद्धा त्यांना परवडत नाही. म्हणून जखडणे आले.

जखडायचे कसे, ते आता जरा बारकाईने पाहू. पायाच्या ओल्या काँक्रीटमध्ये अर्धा इंच (सुमारे १३ मिलिमीटर) जाडीचे, वर आटे पाडलेले बोल्ट उभे करतात. ते किमान सात इंच आत रुतलेले असावेत आणि दोन बोल्टमध्ये सहा फुटांहून जास्त अंतर नसावे, असा अमेरिकेतल्या साध्या घरांसाठीचा रूढ नियम. काँक्रीट सुकल्यावर त्यावर 'सिल प्लेट' ही लाकडी पट्टी आडवी ठेवतात. तिला बोल्टच्या जागी भोके पाडलेली असतात. वरून वॉशर (आपल्या मिस्त्रींच्या भाषेत वायसर) आणि नट. भिंतीचे उभे वासे या पट्टीवर उभे राहतात आणि बाहेरून प्लायवूड ठोकले जाते. पट्टी बहुधा 'टू बाय फोर', म्हणजे नावाला दोन बाय चार इंच. रंधून झाल्यावर प्रत्यक्षात उरते दीड बाय साडेतीन इंच. लाकडाच्या व्यापारातली ही अधिकृत बनवाबनवी जगभर चालते आणि कोणी तक्रार करत नाही.

आता लाकडाचा स्वभाव. सरपण फोडलेल्या कोणालाही तो माहीत असतो. ओंडका उभा ठेवून कुऱ्हाड घातली तर एका घावात दोन फाके होतात. तोच आडवा तोडायचा तर घाम निघतो. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटवलेल्या उदबत्त्यांची जुडी समजा. जुडी लांबीच्या दिशेने ओढली तर प्रत्येक काडी जोर लावते. पण काड्या एकमेकींपासून बाजूला ओढल्या तर सगळी भिस्त मधल्या चिकट थरावर, आणि तो लगेच सुटतो. लाकूडकाम करणारे सगळे शहाणपण एका वाक्यात मावते : लाकडाला तंतूंच्या आडव्या दिशेने ताण देऊ नका. सिल प्लेटच्या बाबतीत भूकंप नेमका तोच ताण देतो.

ते असे. प्लायवूड भिंतीच्या एका बाजूला, म्हणजे पट्टीच्या एका कडेला ठोकलेले असते. बोल्ट मात्र पट्टीच्या मध्यावर. भूकंपात भिंत नुसती आडवी सरकू पाहत नाही, ती डोलते. एक टोक उचलले जाते. प्लायवूडचे खिळे पट्टीची कड वर ओढतात आणि मधला बोल्ट तिला खाली दाबून धरतो. पट्टी रुंदीत वाकते. तंतूंमध्ये आडवा ताण येतो आणि बोल्टच्या रांगेतून पट्टी उभी चिरते, बांबू चिरावा तशी. एक फाक बोल्टपाशी राहते आणि दुसरी प्लायवूडबरोबर वर जाते. बोल्ट शाबूत, प्लायवूड शाबूत, पण जोडणी संपली.

१७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने अमेरिकी अभियंत्यांची लाकडी घरांविषयीची निश्चिंती मोडली. तीव्रता ६.७, वेळ पहाटे ४.३१. मालमत्तेचे जे नुकसान झाले त्यातले निम्मे किंवा त्याहून अधिक लाकडी इमारतींचे होते. इमारतींच्या पडझडीने झालेल्या २५ मृत्यूंपैकी २४ लाकडी इमारतींत झाले. इथे एक खुलासा हवा. त्यातले १६ मृत्यू एकाच, नॉर्थरिज मेडोज नावाच्या निवासी इमारतीत झाले. तिचा तळमजला चिरडला गेला. त्याचा दोष सिल प्लेटच्या बोल्टांवर टाकता येत नाही. पण या भूकंपानंतर लाकडी बांधकामाचा प्रत्येक सांधा तपासला गेला. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांनी मिळून १९९८ च्या सुमारास मोठा संशोधन प्रकल्प हाती घेतला, सॅन दिएगोच्या विद्यापीठात पूर्ण आकाराचे दुमजली लाकडी घर भूकंप-मंचावर हलवून पाहिले गेले. भिंतींच्या चाचण्यांत सिल प्लेट चिरण्याचा प्रकार पुन्हा पुन्हा समोर आला.

त्यावरचा पहिला उपाय इतका साधा निघाला की हसू यावे. वॉशर मोठा करा. पूर्वी नटाखाली रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, पातळ, गोल वॉशर असे. पट्टी वर उचलली गेली की तो वाकून लाकडात रुते. नियमांनी आधी दोन इंची आणि नंतर तीन इंची चौकोनी, सुमारे पाव इंच जाडीची पोलादी चकती सक्तीची केली. साडेतीन इंच रुंदीच्या पट्टीवर तीन इंची चकती बसवली की ती जवळजवळ सगळी रुंदी दाबून धरते. पुढे नियमात आणखी एक बारकावा आला : प्लायवूड ज्या बाजूला आहे त्या कडेपासून चकतीची कड अर्ध्या इंचाच्या आत असली पाहिजे. कारण ओढ त्या कडेला आहे. बोल्ट थोडा मागे रुतला असेल तर चकती पुढे सरकवता यावी म्हणून तिला लांबट भोक ठेवायलाही परवानगी आहे. काही रुपयांच्या लोखंडी तुकड्याला इतका विचार चिकटलेला असतो, हे बांधकामाच्या जागी उभे राहून लक्षात येत नाही.

मोठी चकती पट्टीला चिरू देत नाही. पण पट्टी आडवी सरकण्याचा जोर? तो चकतीवर नाही, बोल्टाच्या बुंध्यावर येतो. इथे लाकडाची दुसरी कमजोरी पुढे येते. बोल्ट भोकाच्या एका बाजूला रेटला जातो. दीड इंच जाडीच्या पट्टीत अर्ध्या इंचाचा बोल्ट म्हणजे लाकडाला टेकणारे क्षेत्रफळ पाऊण चौरस इंच, पोस्टाच्या लहान तिकिटाएवढे. उंच टाचेची चप्पल घालून हिरवळीवर चालले तर टाच रुतते, तसा बोल्ट लाकडात रुततो. भोक लांबट होते. पुढचा हिसका उलट दिशेने आला की पट्टी आधी मोकळी धावते आणि मग बोल्टावर आदळते. दर फेरीला धाव वाढत जाते. त्यात भर कामाच्या पद्धतीची. ओल्या काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट क्वचितच अगदी आखलेल्या जागी उभे राहतात. मग सुतार भोक मोठे पाडून वेळ निभावतो. अर्धा इंचाच्या बोल्टाला पाऊण इंचाचे भोक पडले की घराला पहिल्यापासूनच खेळायला जागा मिळाली.

या दुखण्यावरचा उपाय घरबांधणीतून आला नाही, मोठ्या छतांच्या आणि पुलांच्या बांधणीतून आला. त्याला 'टिंबर कनेक्टर' म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत युरोपात लाकडाच्या सांध्यात लोखंडी कडी आणि चकत्या बसवण्याच्या निरनिराळ्या पद्धती निघाल्या. १९३० च्या दशकात त्या अमेरिकेत पोहोचल्या आणि मॅडिसन, विस्कॉन्सिन इथल्या सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेने त्यांच्या पद्धतशीर चाचण्या घेतल्या. कल्पना अशी : दोन लाकडांच्या मिळत्या पृष्ठभागांवर गोल खाच पाडायची, तिच्यात पोलादी कडे अर्धे या लाकडात आणि अर्धे त्या लाकडात बसवायचे, आणि मधून बोल्ट घालून आवळायचे. जोर आता बोल्ट नव्हे, कडे वाहते. अडीच इंच व्यासाच्या कड्याला टेकायला जे लाकूड मिळते ते बोल्टाच्या कितीतरी पट. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई होती तेव्हा अमेरिकी नौदलाने हवाई फुग्यांसाठी, म्हणजे ब्लिंप विमानांसाठी, १७ अवाढव्य लाकडी हँगर बांधले. ऑरेगॉन राज्यातल्या टिलामूकचे हँगर १,०७२ फूट लांब आणि १९२ फूट उंच आहे. त्यात मुंबईतल्या पंधरा मजली इमारती ओळीने उभ्या करता येतील. असे लाकडी सांगाडे अशा कनेक्टरांमुळे शक्य झाले.

लाकूड लाकडाला जोडायला कडे चालते. लाकूड काँक्रीटला किंवा लोखंडाला जोडायचे तर त्याचा चुलतभाऊ 'शिअर प्लेट' वापरतात. ही एक पोलादी बशी. सर्वांत लहान आकार २ ५⁄८ इंच, म्हणजे अडीच इंचाहून किंचित मोठ्या व्यासाचा, सुमारे ६७ मिलिमीटर. पट्टीच्या खालच्या अंगाला खास कटरने गोल खाच पाडून ही बशी अशी बसवायची की तिची पाठ लाकडाशी अगदी समतळ यावी. मधल्या भोकातून बोल्ट जातो. आता पट्टी सरकू लागली की लाकूड बशीच्या काठाला रेटते, आणि बशी बोल्टाला. दोन फायदे एकदम होतात. एक, टाचेच्या जागी रुंद तळव्याची चप्पल आली. लाकूड चेंगरत नाही. दुसरा फायदा सहज दिसत नाही, पण तोच मोठा आहे. नुसत्या बोल्टवर जोर पट्टीच्या जाडीभर पसरून येतो, म्हणजे सरासरीने काँक्रीटच्या वर पाऊण इंचावर. तेवढ्या अंतराच्या तरफेने बोल्ट वाकतो. बशी जोर काँक्रीटच्या अगदी लगत देते. वाकवणारी तरफ आखूड होते. भोकात खेळही उरत नाही, कारण खाच बशीच्या मापाचीच असते.

मग प्रत्येक घरात बश्या का बसवत नाहीत? एक कारण सरळ आहे : जागा. लहान बशीला किमान साडेतीन इंच रुंद आणि दीड इंच जाड लाकूड लागते. म्हणजे टू बाय फोरमध्ये ती जेमतेम मावते, तसूभरही इकडेतिकडे नाही. चार इंची बशीला साडेपाच इंच रुंदीची पट्टी हवी. पट्टीच्या टोकापासूनही पुरेसे अंतर सोडावे लागते, नाहीतर बशी टोकाचा तुकडाच उडवते. आणि उभ्या घराची पट्टी तर काँक्रीटवर दबलेली. तिच्या खालच्या अंगाला खाच पाडायची तर घर उचलावे लागेल.

पण माझ्या मते खरे कारण दुसरे आहे आणि ते नुसत्या बश्यांपुरते नाही. सांधा मजबूत करणे म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. साखळीची एक कडी मजबूत केली की साखळी तुटायची थांबत नाही, दुसऱ्या कडीला तुटते. इथे शेजारची कडी म्हणजे काँक्रीट. साडेतीन इंची पट्टी पायाच्या कडेशी लावून बसवलेली असते, म्हणजे बोल्टाचा मध्य काँक्रीटच्या कडेपासून पावणेदोन इंचांवर येतो. बोल्टावर बाहेरच्या दिशेने फार जोर आला तर काँक्रीटच्या कडेचा टवका उडतो. आणि काँक्रीट लाकडासारखे कुरकुरत, आवाज देत हार मानत नाही. ते एकदम फुटते.

याच मुद्द्यावर कॅलिफोर्नियात काही वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. काँक्रीटच्या नव्या नियमांनी हिशेब केला तर कडेजवळच्या बोल्टांची ताकद इतकी कमी निघू लागली की वर्षानुवर्षे वापरातली साधी जोडणी कागदावर नापास व्हावी. उत्तर कॅलिफोर्नियातल्या संरचना अभियंत्यांच्या संघटनेने मग सरळ प्रयोग केले : काँक्रीटचा पाया, त्यावर पट्टी, कडेपासून पावणेदोन इंचांवर बोल्ट, आणि यंत्राने इकडून तिकडे ढकलणे. २००९ मध्ये निष्कर्ष आले. काँक्रीट फुटण्याआधी लाकूड चेंगरत होते आणि बोल्ट वाकत होता. पट्टी आणि काँक्रीट यांच्यातले घर्षणही मदतीला येत होते. म्हणजे जोडणी आधी मऊ पडत होती, आणि मऊ पडणे हेच तिचे बळ होते. नियम त्यानुसार सुधारले गेले. अशा साध्या जोडणीची ताकद आता लाकडाच्या कोष्टकावरून ठरवता येते.

आता याच जोडणीत लाकडाच्या जागी बशी बसवा. लाकूड चेंगरायचे थांबले, बोल्टाची तरफ आखूड झाली, म्हणजे जोडणीतले जे दोन घटक आधी वाकून सूचना देत होते ते दोन्ही ताठ झाले. जोर सरळ काँक्रीटच्या कडेवर. पाया जुना, कमकुवत किंवा अरुंद असेल तर आपण लाकडाचा अपघात काँक्रीटकडे सोपवला, एवढेच होते. म्हणून टिंबर कनेक्टर तिथे शोभतो, जिथे पट्टी जाड आहे, पाया रुंद आहे, बोल्ट कडेपासून आत आहे आणि कमी बोल्टांत जास्त जोर न्यायचा आहे. साध्या घराला बहुतेक वेळा जास्त संख्येने साधे बोल्ट आणि त्यांवर मोठ्या चौकोनी चकत्या हेच चांगले. लोखंडाच्या दुकानातली सर्वांत भारी वस्तू घराला सर्वांत चांगली असतेच असे नाही.

उभ्या घराला नंतर बोल्ट घालायचे काम कॅलिफोर्नियात आता रोजचे झाले आहे. घराखालच्या सरपटत जाण्याच्या पोकळीत शिरायचे, पट्टीतून थेट काँक्रीटमध्ये भोक पाडायचे, धूळ ब्रशने आणि हवेने काढायची, इपॉक्सी भरून आटे असलेला दांडा रोवायचा. धूळ नीट काढली नाही तर इपॉक्सी काँक्रीटला नव्हे, धुळीला चिकटते. या कामातली सर्वांत मोठी चूक हीच. वर ड्रिल उभे करायला जागा नसेल तर पट्टीच्या बाजूला आणि पायाच्या बाजूला एकच पोलादी पत्रा बसवून स्क्रू आणि बोल्टांनी दोघांना जोडतात. जुन्या भोकात बोल्ट सैल असेल तर भोवतीची पोकळी इपॉक्सीने भरता येते. बुटकी क्रिपल वॉल असेल तर तिला आतून प्लायवूड ठोकावेच लागते, नाहीतर खालचे बोल्ट घट्ट आणि वरची भिंत पत्त्यांची. भिंतीचे टोक उचलले जाऊ नये म्हणून 'होल्ड-डाऊन' नावाचे वेगळे लोखंडी पाय असतात. ते पुरेसे मजबूत असतील तर पट्टी चिरण्याचा धोका खूप कमी होतो; बोल्टांकडे मग फक्त आडवा जोर अडवण्याचे काम उरते.

तिथल्या 'अर्थक्वेक ब्रेस अँड बोल्ट' या कार्यक्रमातून ठरावीक भागांतल्या १९८० पूर्वीच्या घरांना या कामासाठी ३,००० डॉलरपर्यंत मदत मिळते. साध्या घराचा एकूण खर्च साधारण ३,००० ते ७,००० डॉलर. पात्रता आणि अर्जाच्या तारखा दरवर्षी जाहीर होतात.

बोल्ट आहेत म्हणून निश्चिंत व्हावे, असेही नाही. लाकूड सुकत जाते तसे रुंदी-जाडीत आकसते आणि वीस-तीस वर्षांत नट सैल पडतो. पट्टी काँक्रीटच्या लगत असते, तिला ओल लागते, वाळवी लागते. म्हणून ती औषध पाजलेल्या लाकडाची करतात. बे एरियातल्या जुन्या घरांत रेडवूड वापरलेले सापडते, ते निसर्गतःच वाळवीला दाद देत नाही. पण २००४ पासून अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातले आर्सेनिकयुक्त औषध मागे पडले आणि तांब्याचे प्रमाण जास्त असलेली औषधे आली. आरोग्याला ते चांगले झाले. साध्या लोखंडाला वाईट. ओल्या लाकडातले तांबे साध्या पोलादाला भराभर गंजवते. म्हणून अशा पट्टीत बोल्ट, नट आणि वॉशर तिन्ही गरम जस्तात बुडवून काढलेले हवेत.

तेव्हा पुढच्या वेळी तिकडे गेलात आणि घर जुने असेल तर जावयाला किंवा मुलाला विजेरी घेऊन घराखालच्या पोकळीत डोकवायला सांगा. काँक्रीटवर टेकलेली लाकडी पट्टी दिसेल. तिच्यावर दर सहा फुटांच्या आत नट दिसतो का? नटाखाली लहान गोल वॉशर आहे की तळहाताएवढी चौकोनी चकती? पट्टीला बोल्टांच्या रांगेतून चीर गेली आहे का? बोल्टभोवती गंजाचा तांबूस डाग आहे का? नटाला पाना लावून पाहा. तो हाताने फिरत असेल, तर कोणत्याही अभियंत्याला बोलावण्याआधी तेवढा आवळून टाका. पण आवळताना वॉशर लाकडात रुतू लागला की थांबा. बोल्ट मुळी नसतीलच, किंवा पाया विटांचा अथवा भुसभुशीत असेल, तर मात्र स्वतः ड्रिल हातात न घेता परवानाधारक अभियंत्याला दाखवावे. नव्या बोल्टाला धरून ठेवायला आधी पाया धड असावा लागतो.